सीबीडी तेल : किती औषध, किती आशा?

गेल्या काही महिन्यांत या सदरासाठी आलेल्या बऱ्याच पत्रांमध्ये एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे. खेडच्या एका निवृत्त शिक्षकांना गुडघेदुखीसाठी पुण्याच्या भाच्याने एक लहानशी बाटली पाठवली आहे. दापोलीच्या एका भगिनीच्या मुलाला फिट येतात आणि कुणीतरी त्यांना या तेलाचे नाव सांगितले आहे. एका वाचकाच्या वडिलांना कर्करोग आहे. "सगळे करून झाले, आता हे करून बघावे का?" असे त्यांनी विचारले आहे. बाटलीवर नाव आहे सीबीडी तेल. ते भांगेच्या झाडापासून काढतात असे कळल्यावर घरातील वडीलधारी मंडळी दचकतात, तर तरुण मंडळी "नैसर्गिक आहे, काही होत नाही" असे सांगून मोकळी होतात. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा आजचा लेखच या विषयावर लिहीत आहे.

लेखाचे सार आधीच सांगतो. सीबीडी हे खरोखरीचे औषध आहे, नुसते तेल नव्हे. काही ठरावीक आजारांत, ठरावीक मात्रेत त्याचा गुण सिद्ध झाला आहे. पण ज्या वस्तूत रोग हटवण्याइतकी ताकद असते, तिच्यात अपाय करण्याची आणि दुसऱ्या औषधाशी भांडण्याचीही ताकद असते. त्यामुळे हे तेल घेणारा माणूस एक औषध घेत आहे असे समजूनच वागले पाहिजे.

भांग, गांजा आणि सीबीडी

भांग, गांजा आणि चरस ही तिन्ही एकाच झाडाची रूपे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि त्यांवरची चिकट राळ म्हणजे चरस. या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट रासायनिक द्रव्ये असून ती मुख्यतः त्या राळेत असतात. त्यांतील दोन द्रव्ये आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले टीएचसी. नशा चढते ती याच्यामुळे. दुसरे कॅनाबिडिऑल, म्हणजेच सीबीडी. याने नशा चढत नाही.

असे का होते? आपल्या मेंदूतील पेशींवर काही ग्राहके असतात. ती कुलपासारखी असतात असे समजा. टीएचसी ही त्या कुलपात बसणारी किल्ली आहे. ती फिरली की वेळेचे भान सुटते, हसू आवरत नाही, कधी भीती वाटते, तोंडाला कोरड पडते. सीबीडी त्या कुलपात नीट बसतच नाही. त्याचे काम पेशींतील इतर मार्गांनी चालते आणि मेंदूतील पेशींचा अतिरेकी उद्रेक शमवण्याकडे त्याचा कल दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये या द्रव्याचा आढावा घेतला, तेव्हा शुद्ध सीबीडीची नशेसाठी चटक लागते किंवा त्याचे व्यसन जडते असा पुरावा आढळला नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांची पहिली भीती, शुद्ध सीबीडीपुरती तरी, आपण बाजूला ठेवू शकतो. मात्र बाटलीत आहे ते शुद्ध सीबीडीच आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याकडे पुढे येऊ.

आपल्या देशाला हे झाड नवीन नाही. आयुर्वेदात त्याला विजया म्हणतात. शार्ङ्गधरसंहितेत त्याचा उल्लेख आहे आणि जातिफलादि चूर्णासारख्या कल्पात ते वापरतात. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये या झाडाच्या औषधी गुणांवर निबंध लिहिला आणि पुढे आकडी येणाऱ्या एका तान्ह्या बाळावर त्याचा अर्क वापरल्याचीही नोंद केली. सीबीडी हे द्रव्य वेगळे काढले गेले ते मात्र १९४० मध्ये, अमेरिकेत, रॉजर ॲडम्स यांच्या प्रयोगशाळेत. त्याची रासायनिक रचना इस्रायलचे शास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये उलगडली. पुढच्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने टीएचसी वेगळे काढले.

नावे सारखी, बाटल्या वेगळ्या

दुकानात किंवा मोबाइलवरील जाहिरातीत जी तेले दिसतात, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो.

पहिला प्रकार भांगेच्या बियांचे तेल. बाटलीवर 'हेम्प सीड ऑइल' असे लिहिलेले असते. हे तिळाच्या किंवा जवसाच्या तेलासारखे खाद्यतेल आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे एफएसएसएआयने २०२१ मध्ये भांगेच्या बिया व त्यांचे तेल यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. बियांमध्ये सीबीडी जवळजवळ नसतेच. हे तेल पौष्टिक आहे, पण त्याने फिट थांबणार नाहीत.

दुसरा प्रकार सीबीडीचे तेल. फुलोऱ्यापानांतून सीबीडी काढून ते खोबऱ्याच्या, तिळाच्या किंवा अन्य तेलात मिसळलेले असते. यावर किती मिलिग्रॅम सीबीडी आहे ते लिहिलेले असते, निदान असायला हवे.

तिसरा प्रकार विजयेचा अर्क. आपल्याकडे आयुर्वेदिक परवान्याखाली विकली जाणारी पुष्कळ तेले या प्रकारात मोडतात. यात सीबीडीबरोबर टीएचसीही असू शकते, काहींत ते बरेच असते. म्हणजे याने गुंगी येऊ शकते, नशा चढू शकते. औषध-कायद्याच्या नियमांत भांग ही आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूची ई-१ मध्ये घातलेली आहे. अशा पोटात घ्यायच्या औषधावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ही सूचना शोभेसाठी नसते.

गुण कोठे सिद्ध झाला?

सीबीडीचा सर्वांत भक्कम पुरावा अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा आहे. त्यातही सर्व प्रकारच्या फेफऱ्यांचा नव्हे. १९८० मध्ये ब्राझीलमधील डॉक्टरांनी मेशुलम यांच्या मदतीने औषधाला दाद न देणाऱ्या १५ रुग्णांवर एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. सीबीडी मिळालेल्या ८ जणांपैकी ४ जणांच्या फिट जवळजवळ थांबल्या. पुढे तीस-पस्तीस वर्षे याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या शार्लट फिगी या लहान मुलीची कहाणी दूरचित्रवाणीवर झळकली. तिला ड्रावे सिंड्रोम नावाचा दुर्धर अपस्मार होता आणि सीबीडीयुक्त तेलाने तिच्या फिट कमालीच्या कमी झाल्या होत्या. त्यानंतर जगभर या तेलाची मागणी वाढली.

एका मुलीच्या अनुभवावरून औषध ठरत नाही, म्हणून रीतसर चाचण्या झाल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड्रावे सिंड्रोमची १२० मुले व तरुण होते. निम्म्यांना सीबीडी, निम्म्यांना औषध नसलेला तसाच द्रव. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. सीबीडी घेणाऱ्यांत महिन्याला येणाऱ्या झटक्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला. दुसऱ्या गटात तो १४.९ वरून १४.१ इतकाच उतरला. या व अशा चाचण्यांच्या आधारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये एपिडिओलेक्स या नावाच्या शुद्ध सीबीडीच्या औषधाला ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन आजारांसाठी मान्यता दिली. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या तिसऱ्या आजाराची त्यात भर पडली.

दोन गोष्टी येथे लक्षात ठेवाव्यात. एक, ही मुले आपली नेहमीची औषधे चालू ठेवून सीबीडी घेत होती. कोणाचीही गोळी बंद करून तेल सुरू केलेले नव्हते. दोन, निम्म्यावर आल्या म्हणजे बऱ्या झाल्या नव्हेत. फिट पूर्ण थांबलेली मुले अगदी थोडी होती.

मात्रेचा हिशेब

आता वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. मान्यताप्राप्त औषधाची मात्रा वजनावर ठरते. सुरुवात दिवसाला दर किलोमागे ५ मिलिग्रॅमने करतात. ती दोन वेळांत विभागून देतात. आठवड्यानंतर ती १० पर्यंत नेतात आणि गरज पडल्यास तज्ज्ञ ती २० पर्यंत वाढवतात.

२० किलो वजनाच्या मुलाला दर किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅम लागतील. बाजारातील ५ टक्क्यांचे ३० मिलिलिटरचे तेल घ्या. एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम. या मुलाला रोज ४ मिलिलिटर, सुमारे ८० थेंब द्यावे लागतील आणि बाटली साडेसात दिवसांत संपेल. प्रत्यक्षात घरोघरी देतात किती? सकाळी दोन थेंब आणि रात्री दोन थेंब. चार थेंबांत साधारण १० मिलिग्रॅम. म्हणजे वरच्या हिशेबातील मात्रेचा विसावा हिस्सा.

मग कुणी म्हणेल, थेंब वाढवू. तेथे दुसरा धोका आहे. मान्यताप्राप्त औषधात टीएचसी नाममात्र असते. बाजारातील अर्कात ते किती आहे हे नक्की नसते. ८० थेंब दिले की सीबीडी वीसपट होते, तसे टीएचसीही वीसपट होते. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला ते परवडणारे नाही.

आणि बाटलीवरचा आकडा तरी खरा मानावा का? २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील फक्त ३१ टक्क्यांवरचा आकडा बरोबर निघाला. ४३ टक्क्यांत लिहिल्यापेक्षा जास्त सीबीडी होते, २६ टक्क्यांत कमी. १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. ही अमेरिकेतील गोष्ट आहे, पण तिथे हे घडते तर आपण डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

या हिशेबाचे महत्त्व माझ्यासमोर एकदा फार प्रकर्षाने आले. नऊ वर्षांचा एक मुलगा. व्हॅल्प्रोएटवर त्याच्या फिट दीड वर्ष पूर्ण थांबलेल्या होत्या. एके रात्री त्याला लागोपाठ तीन झटके आले आणि आजोबा व आई त्याला रिक्षात घालून घेऊन आले. मुलाला स्थिर करून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची व्यवस्था केल्यावर मी आईला विचारले, "ताई, औषध वेळेवर चालू आहे ना?" त्या गप्प राहिल्या. आजोबाच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळ्यांनी लिव्हर खराब होते म्हणतात. म्हणून गोळ्या निम्म्या केल्या आणि हे तेल चालू केले. दहा दिवस झाले." त्यांनी पिशवीतून बाटली काढून दिली. साडेतीन हजार रुपये मोजले होते. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिले होते, 'हेम्प सीड ऑइल'. म्हणजे त्या मुलाला निम्मे औषध आणि वर थोडे खाद्यतेल मिळत होते. तो मुलगा सुदैवाने सावरला. पण फिटच्या गोळ्या अचानक कमी किंवा बंद केल्यावर लागणारी न थांबणारी आकडी जीवघेणी ठरू शकते. तो प्रसंग कोणत्याही घरावर येऊ नये, म्हणून हा सगळा प्रपंच.

इतर दुखण्यांचे काय?

गुडघेदुखी, सांधेदुखी : डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांची झीज आणि सोरायसिसमुळे होणारी सांधेदुखी असलेल्या १३६ रुग्णांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी देऊन पाहिले. सीबीडी नसलेल्या गोळीपेक्षा त्याचा अधिक उपयोग दिसला नाही. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये वेदनांवरील सर्रास वापराला पाठिंबा देण्यास नकार दिला. खेडच्या गुरुजींना माझे सांगणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे आणि शेक यांवर अधिक भरवसा ठेवावा. गुडघ्याला वरून चोळल्याने फारसा अपाय होणार नाही, पण जो आराम वाटेल त्यात चोळण्याचा वाटा किती आणि तेलाचा किती, हे सांगता येणार नाही.

चिंता, झोप : ब्राझीलमधील एका प्रयोगात निरोगी माणसांना सभेत बोलण्यापूर्वी सीबीडी दिले. ३०० मिलिग्रॅमने भीती कमी झाली. १०० ने झाली नाही, आणि गंमत म्हणजे ९०० नेही झाली नाही. यावरून दिसते की या औषधात जास्त म्हणजे चांगले असे गणित नाही. शिवाय हा एका दिवसाचा प्रयोग होता. रोजच्या निद्रानाशावर चार थेंब उपयोगी पडतात असे त्यावरून म्हणता येत नाही.

कर्करोग : हा सर्वांत नाजूक प्रश्न. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी सीबीडीने मेल्याच्या बातम्या येतात. बशीतील पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. माणसात सीबीडीने कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या कर्करोगाच्या १४४ रुग्णांवर चाचणी झाली. दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत सीबीडी देऊनही, चांगल्या वेदनाशामक सेवेने मिळणाऱ्या आरामात त्याने भर घातली नाही. त्या वाचकांनी वडिलांसाठी हेच पैसे आणि हीच धावपळ वेदनाशामक उपचार केंद्रापर्यंत पोहोचण्यासाठी वापरावी. वेदना, उलट्या आणि झोप यांवर उपयोगी पडणारी औषधे तेथे मिळतात. केमोथेरपी चालू असेल तर तज्ज्ञांना न सांगता हे तेल मुळीच देऊ नये.

अपाय कोणते?

झोप येणे, थकवा, भूक मंदावणे, जुलाब, उलट्या आणि अंगावर पुरळ हे नेहमी दिसणारे त्रास. वर सांगितलेल्या ड्रावेच्या चाचणीत सीबीडी घेणाऱ्या ३६ टक्के मुलांना गुंगी आली, दुसऱ्या गटात १० टक्क्यांना. जुलाब ३१ टक्क्यांना झाले, दुसऱ्या गटात १० टक्क्यांना. गुंगी येत असताना मोटारसायकल चालवणे, विहिरीवर किंवा होडीवर काम करणे धोक्याचे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर गुंगी आणखी वाढते.

खरी काळजी यकृताची. "गोळीने लिव्हर खराब होते" म्हणून लोक तेलाकडे वळतात, आणि सीबीडीचा सर्वांत महत्त्वाचा अपाय यकृतावरच होतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात निरोगी प्रौढांना चार आठवडे दर किलोमागे ५ मिलिग्रॅम सीबीडी दिले. ६० किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम. त्यांतील ५ ते ६ टक्के लोकांच्या रक्तात यकृताची द्रव्ये कमाल मर्यादेच्या तिपटीहून वर गेली. त्यांना वरून काहीच त्रास जाणवत नव्हता. औषध थांबवल्यावर ती पूर्ववत झाली. व्हॅल्प्रोएट चालू असणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. म्हणूनच तज्ज्ञ सीबीडी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक अंतराने एसजीपीटी, एसजीओटी व बिलिरुबिन तपासतात. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, जेवणावरची वासना उडणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर तेल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने निरोगी प्रौढांसाठी पूर्वी दिवसाला ७० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने ती १० मिलिग्रॅमवर आणली. आता वरचा हिशेब पुन्हा पाहा. हौसेने घेणाऱ्यासाठी मर्यादा १० मिलिग्रॅमची, आणि रोगावर गुण दिसला तो शेकडो मिलिग्रॅमला. थोडक्यात, स्वतःच्या मनाने निर्धोकपणे घेता येईल इतक्या मात्रेत रोग हटण्याची आशा कमी, आणि रोग हटवणारी मात्रा रक्ततपासणीशिवाय घेण्यासारखी नाही.

दुसऱ्या औषधांशी भांडण

आपण घेतलेली बहुतेक औषधे यकृतातील काही विकरे मोडून बाहेर टाकतात. सीबीडी यांतील काही विकरांचे काम रोखते. मग दुसरे औषध रक्तात साठत जाते आणि नेहमीचीच गोळी जास्त झाल्यासारखी वागते. आपल्या भागात नेहमी दिसणारी उदाहरणे देतो.

फिटसाठी क्लोबाझाम घेणाऱ्यांत त्यापासून शरीरात तयार होणारे द्रव्य वाढते आणि रुग्ण दिवसभर पेंगतो. हृदयाची झडप बदललेले रुग्ण वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. सीबीडीने तिचा परिणाम वाढून आयएनआर चढू शकतो आणि नाकातून, हिरड्यांतून किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्यांत टॅक्रोलिमसची पातळी वाढते. क्षयरोगाच्या औषधांतील रिफॅम्पिसिन उलट काम करते. ते सीबीडीला झपाट्याने मोडून टाकते. शिवाय क्षयरोगाच्या काही गोळ्या स्वतःच यकृताला त्रासदायक असतात. अशा रुग्णाने सीबीडीच्या नादी लागू नये.

अन्नाचाही संबंध आहे. तुपातेलाच्या भरपूर जेवणाबरोबर घेतल्यास उपाशीपोटी घेतल्यापेक्षा रक्तात सुमारे चौपट सीबीडी शोषले जाते. एके दिवशी उपवास आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तर थेंब तेवढेच असूनही मात्रा तीच राहत नाही. डॉक्टरांनी हे औषध दिले असेल तर रोज जेवणाशी एकाच पद्धतीने घ्यावे.

कोणी घेऊ नये?

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये. यकृताचा विकार असलेल्यांनी आणि रोज दारू पिणाऱ्यांनी घेऊ नये. मुलांना तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय थेंबही देऊ नये. घरात कोणाला वेडाचे झटके किंवा संशयाचा आजार असेल तर टीएचसी असलेला अर्क विशेष धोकादायक ठरतो.

कायदा आणि प्रवास

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा व चरस येतात. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. पानांवर, म्हणजे भांगेवर, राज्यांचे नियंत्रण असते. त्यामुळे परवाना क्रमांक नसलेली, टपालाने हातोहात आलेली बाटली घरात ठेवणे शहाणपणाचे नाही.

आपल्या कोकणातील कितीतरी घरांतील मुले आखातात किंवा बोटीवर नोकरीला आहेत. त्यांच्यासाठी हे दोन शब्द. संयुक्त अरब अमिरातीत असे तेल सामानात सापडणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे ढाल होईल असे समजू नये. आईने प्रेमाने बॅगेत ठेवलेली बाटली मुलाला तुरुंगात नेऊ शकते. बोटीवरील नोकरीत लघवीची तपासणी होते आणि तेलात टीएचसी असेल तर ती दोषी येऊ शकते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडीला बंदीच्या यादीतून वगळले आहे, पण झाडातील इतर द्रव्ये खेळाडूंना स्पर्धेत निषिद्धच आहेत.

एवढे करूनही घ्यायचेच असेल तर

१. आपली चालू असलेली सर्व औषधे कागदावर लिहून, बाटलीसह डॉक्टरांना दाखवावीत. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये.

२. बाटलीवर सीबीडी किती, टीएचसी किती, दर मिलिलिटरमागे किती, परवाना क्रमांक, घाणा क्रमांक आणि मुदत हे सर्व वाचावे. त्या घाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. तो मिळत नसेल तर बाटली परत करावी.

३. फिट, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, क्षय किंवा मानसिक आजाराची कोणतीही गोळी तेलाच्या भरवशावर कमी करू नये.

४. सुरू करण्यापूर्वी आणि महिन्याभराने यकृताची तपासणी करावी.

५. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवावी. मुलाने चुकून प्यायल्यास उलटी काढण्याच्या खटपटीत वेळ न घालवता बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

दापोलीच्या भगिनीला शेवटचे उत्तर. आपल्या मुलाच्या फिट दोन औषधे योग्य मात्रेत घेऊनही थांबत नसतील, तर त्याला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे आणि त्याचा अपस्मार नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे विचारावे. तो वर सांगितलेल्या तीन आजारांपैकी असेल, तर शुद्ध सीबीडीचा विषय त्यांच्याशी जरूर काढावा. तो आपला हक्क आहे. फिट गोळ्यांनी थांबलेल्या असतील, तर आज रात्रीची गोळी वेळेवर द्यावी आणि बाटलीचा विचार सोडून द्यावा.